मधला पाय जमिनीला

आदिलाबाद, १० नोव्हेंबर २०२५

यशवंत काका,

सोबत एक आकृती आहे. एका ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर, कॉमन बेस पद्धतीचा. तो नीट चालत नाही आणि चूक मला सापडत नाही. लाल पेन्सिलीने खूण केलीत तर बरं होईल. परतीच्या लिफाफ्यावर तिकीट लावलं आहे, पत्ताही घातला आहे. तुम्हाला फक्त तो चिकटवायचा आहे.

पत्र लिहिण्याचं कारण असं की तुमचा फोन तीनदा वाजून बंद होतो. मी चार वेळा करून पाहिला, दर वेळी तीनच. पत्र तसं बंद करता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि सर्किट काढलेला कागद तुम्ही फाडल्याचं मी कधी पाहिलेलं नाही.

मी प्रणिता, तुमच्या नागोदादांची धाकटी. हे सांगावं लागतं, कारण साडेनऊ वर्षांत माझं अक्षर बदललं आहे. इथे एका पॉलिटेक्निकमध्ये लॅब असिस्टंट आहे. शनिवारी नार्नूरला जाते, सोमवारी परत.

'आधी काम सांग, मग सर्किट दाखव' असं तुम्ही दुकानात म्हणायचात. तर काम असं. आई घरापुढे, रस्त्यावरच्या भाजीच्या दुकानात बसते. बाबा मागे, नाल्यापलीकडच्या मळ्यात. गिऱ्हाइकाने दोन किलो वांगी मागितली की आईला बाबांना सांगावं लागतं. बाबांकडे मोबाइल आहे. तो शर्टाच्या खिशात असतो आणि शर्ट बाभळीवर. त्यामुळे आई सकाळपासून ओरडते आणि दुपारपर्यंत तिचा घसा बसतो. म्हणून दोन्हीकडे एकेक स्पीकर लावून मी इंटरकॉम करते आहे. मळ्यातला स्पीकरच माइकचंही काम करील. त्याचा आवाज इतका क्षीण असतो की आधी एक चांगला ॲम्प्लिफायर लागतो. तोच बिघडला आहे.

दुसरी गोष्ट फक्त माहितीसाठी. आदिलाबादला पार्टच्या दुकानातला संतोष सांगत होता की संक्रांतीनंतर तुम्ही उटनूरचं दुकान सोडून तुमच्या नेहाताईकडे नागपूरला जाणार, कायमचे. मी ते बाबांना सांगितलं. ते 'हूं' म्हणाले. मग त्यांनी मेथीच्या ज्या वाफ्याला पाणी देऊन झालं होतं, त्यालाच पुन्हा पाणी दिलं.

माझ्या ताईच्या लग्नात तुमचा माइकचा डबा बिघडला, बाबा भर मांडवात बोलायचं ते बोलले आणि तुम्ही डबा उचलून निघून गेलात. त्यानंतर आमच्या घरी तुमचं नाव निघत नाही. नार्नूरहून उटनूरला बस तासाभरात पोचते, तरी कुणी बसलेलं नाही. मी यावर काही म्हणत नाही.

संक्रांतीला पासष्ट दिवस आहेत. सर्किटसाठी तेवढे पुरेत.

प्रणिता

आदिलाबाद, २४ नोव्हेंबर २०२५

काका,

लिफाफा मिळाला. आत माझीच आकृती होती, एका कपॅसिटरभोवती लाल गोल आणि शेजारी '४७'. दुसरं काही नाही. कागदाची मागची बाजूही पाहिली.

चूक मान्य. आत येणाऱ्या सिग्नलच्या वाटेवर मी एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला होता, कारण कॉमन एमिटरला तेवढा चालतो आणि हाताला तीच सवय आहे. पण कॉमन बेसचं तोंडच मुळात अरुंद. एक मिलिअँपला सव्वीस ओहम. स्पीकरचे आठ आणि दोनशे दहा मीटर वायरचे पंधरा धरून एकूण एकोणपन्नास. एवढ्याशा रोधापुढे एक मायक्रोफॅरड म्हणजे सव्वातीन हजार हर्ट्झच्या खालचं सगळं बाहेरच थांबणार, आणि माणसाचा आवाज बहुतेक सगळा त्याखालीच असतो. सत्तेचाळीस लावला की हीच हद्द सत्तर हर्ट्झवर येते. हे गणित मी विद्यार्थ्यांना फळ्यावर करून दाखवते. स्वतःसाठी केलं नव्हतं.

बदलायच्या आधी काय होत होतं ते सांगते. बाबा मळ्यात स्पीकरपुढे उभे राहून बोलायचे आणि दुकानात फक्त 'स्स, त्स, छ्छ' यायचं.

"अवं, तुहा बाप कुठी गेला?" आई म्हणाली. "इथं तर डास बोलून राह्यला."

"तेच बाबा आहेत."

"एवढे बारीक झाले? सकाळी तर चार भाकरी खाल्ल्या."

काल सत्तेचाळीस लावला. बाबांचा पहिला स्पष्ट शब्द 'काऊन?' होता. आईने टोपली खाली ठेवली, डब्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. लग्नाला बत्तीस वर्षं झाली तरी बाबा अचानक जवळ आले की ती अजून पदर सारखा करते, हे मला माहीत नव्हतं.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "कसं बेतलं हे तू?"

मी सांगितलं की ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात. नेहमी सिग्नल मधल्या पायावर, बेसवर, देतात. इथे उलट आहे. मधला पाय जमिनीला बांधून स्थिर ठेवायचा, एका बाजूने सिग्नल आत घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूने मोठा होऊन तो बाहेर पडतो.

"म्हंजे मधल्यानं गप राह्यल्याबिगर त्या दोघायचं जमत नाई," बाबा म्हणाले.

"बरोबर."

"आपल्या घरात तो मधला कोण?" आईने विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "मी तर नाई."

मग बाबांनी विचारलं, दुरुस्ती कुणी सांगितली. मी म्हणाले, पुस्तकात होती. हे खोटं होतं, याची नोंद इथे करते.

सोबत दुसरी आकृती आहे. हेच काम फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टरने, म्हणजे एफइटीने, कॉमन गेट करून. आमच्या लॅबमधला बीएफडब्ल्यू १० वापरला आहे. तुमचं मत हवं. लिफाफा आहेच.

प्रणिता

आदिलाबाद, ९ डिसेंबर २०२५

काका,

'एफइटी लॅबमध्ये शोभते. शेतात बीसी एकशेनऊ लाव.' सात शब्द. मोजले.

तुमचं म्हणणं खरं निघालं. गेटला जमीन दिली की तोंडाचा रोध दोनशे ओहमच्या आसपास येतो आणि आवाज जेमतेम दहापट वाढतो. कॉमन बेसने पंचाण्णवपट मिळत होता. उंच फ्रिक्वेन्सीला, ॲन्टेनाला वगैरे कॉमन गेट उत्तम. वांग्यांना नाही.

लिफाफ्यातला बीसी १०९ मिळाला. धातूच्या टोपीचा, जुना, पाय न वाकवता चांदीच्या कागदात गुंडाळलेला. चांदी लागते ती स्टॅटिकने जळणाऱ्या नाजूक जातींना, या जातीला तिची गरज नसते, हे तुम्हालाही माहीत आहे. शनिवारी नार्नूरला पोचल्याबरोबर लावला. माझ्या ट्रान्झिस्टरमागे सतत जी 'श्श' होती ती जवळजवळ गेली. आता मळ्यातली कोंबडी कोणत्या बाजूने चालली तेवढं फक्त कळत नाही.

पण यंत्र चांगलं झाल्याने घरात एक भानगड झाली. डब्यावर एक बटन आहे. दाबलं की दुकान बोलतं, सोडलं की मळा. म्हणजे कुणी हात लावला नाही तर दुकानात दिवसभर मळा ऐकू येतो. हे मी बाबांना समजावलं होतं. त्यांनी मान हलवली होती.

त्याच दुपारी शेजारच्या मळ्यातले पांडुरंगराव थर्मास घेऊन बाबांकडे आले. मी आणि आई दुकानात होतो.

"घ्या नागोराव. साखरेचा हाय बरं, तुमाले चालते ना?"

"डॉक्टर नाई म्हन्ते," बाबांचा आवाज. "पन डॉक्टर तं आदिलाबादले राह्यते. वता."

"अन् वैनी?"

"ते दुकानात हाय. तिले काय दिसते इथून!"

आईने बटन दाबलं. "दिसत नाई," ती म्हणाली, "ऐकू येते."

पलीकडे कप पडल्याचा आवाज आला. पांडुरंगराव म्हणाले, "अरे बापा, हे कोन बोललं?" मग बराच वेळ फक्त कोंबडी. संध्याकाळी बाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं की बंद करायचं बटन मळ्याच्या बाजूला बसवता येईल का. मी म्हणाले, तांत्रिकदृष्ट्या येईल. आई आतून म्हणाली, "येनार नाई." बसवलेलं नाही.

आता कॉलेजचं. दुसऱ्या वर्षाला याच आठवड्यात कॉमन बेसचा प्रयोग आहे. आज दीक्षा नावाच्या एका मुलीचं सर्किट गुरगुरायला लागलं. हुशार मुलगी आहे, न विचारता पुढचं वाचते. जाऊन पाहिलं, तर बेसपासून जमिनीकडे जाणारा कपॅसिटर तिने काढून ठेवला होता.

"हा का काढलास?"

"मॅडम, सिग्नल बेसला द्यायचा असतो ना? इथं तर बेस जमिनीला बांधलाय. मला वाटलं, कुणाची तरी चूक राहिली. म्हणून मी नीट केलं."

मी कपॅसिटर परत लावून दिला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. तिला वाटलं मी रागावले.

आज आकृती नाही. लिफाफा ठेवलेला नाही.

प्रणिता

आदिलाबाद, १० डिसेंबर २०२५

काका,

हे पत्र कालच्याबरोबर पोचेल. कालचं आधी वाचा.

घटना क्रमाने लिहिते.

एप्रिल २०१६. सुट्टी लवकर लागली होती आणि मी तुमच्याकडे उटनूरला दोन आठवडे होते. वय चौदा. ताईच्या लग्नासाठी तुम्ही माइकचा डबा नव्याने बांधत होतात. वीस तारखेला तुम्ही सामानासाठी आदिलाबादला गेलात. डबा टेबलावर उघडा होता.

माझ्याजवळ ताईचं इंटरचं पुस्तक होतं. त्यात ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरची एकच आकृती होती, कॉमन एमिटरची. सिग्नल बेसवर. तुमच्या डब्यातल्या पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस मात्र एका कपॅसिटरने जमिनीला बांधलेला होता. मी पुस्तक पाहिलं, डबा पाहिला, पुन्हा पुस्तक पाहिलं. मला वाटलं, काकांची चूक झाली. मी कपॅसिटर काढला, तारा पुन्हा जोडल्या, 'हॅलो हॅलो, वन टू थ्री' करून पाहिलं. आवाज थोडा कमी वाटला, पण आला. मी डब्याचं झाकण लावलं, स्क्रू आवळले. तुम्हाला नंतर सांगून चकित करायचं होतं.

तसं झालं नाही. तुम्ही आल्यावर घाई झाली. 'डबा बंद केलास, शाब्बास' म्हणालात आणि तो जसाच्या तसा नार्नूरला नेलात.

आता मला कारण माहीत आहे. तो कपॅसिटर बेसला स्थिर धरतो. तो नसला तरी हळू आवाजात काम भागतं. पण आवाज पूर्ण वाढवला की शेवटचे मोठे ट्रान्झिस्टर करंट ओढतात, त्याने सप्लाय हलतो, सप्लायबरोबर बेस हलतो, ते हलणं वाढून पुन्हा शेवटी पोचतं, आणि डबा स्वतःच्याच आवाजावर धावायला लागतो. डुग-डुग-डुग. लॅबच्या टेबलावर तो आवाज ऐकायला गमतीदार असतो.

२९ एप्रिलला मंगलाष्टकांच्या पहिल्या ओळीला तुम्ही आवाज वाढवलात. पुढचं तुम्हाला माहीत आहे. बाबांचे शब्द असे होते: "यशा, माह्या पोरीच्या लग्नात मोटरपंप लावला काय? उचल तुहं डबडं!" मांडव हसला. भटजीही हसले. मी पहिल्या रांगेत अक्षता घेऊन उभी होते. हे कशाने झालं ते मला कळलं नाही. कुणी केलं ते कळलं.

मी बोलले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आजपर्यंत नाही. ३,५१२ दिवस झाले.

बाबा रागावतील म्हणून गप्प राहिले, असं नाही. त्याच आठवड्यात तुम्ही एका गिऱ्हाइकाला म्हणाला होतात, "हिच्या हाताले अक्कल हाय." ते वाक्य तुम्ही परत घ्याल असं वाटलं. त्या वाक्यावर मी पुढे इलेक्ट्रॉनिक्सला गेले. हेही आजच सांगते आहे.

मला यापुढे काय लिहावं ते येत नाही. लिफाफा ठेवला आहे.

प्रणिता

नार्नूर, २८ डिसेंबर २०२५

काका,

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. या वेळी मागच्या बाजूलाही लिहिलेलं होतं. मी नीट वाचलं की नाही ते तुम्हाला कळावं म्हणून त्यातला मजकूर इथे उतरवते.

एक. 'डबा मी त्याच सांजेला उघडला. कपॅसिटर गायब. टाके वटाण्याएवढाले. उटनूर तालुक्यात एवढं शिसं एकाच टाक्याला लावणारं एकच माणूस होतं.'

म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. साडेनऊ वर्षं मी जे लपवलं ते तुमच्यापासून लपलेलंच नव्हतं. याने मला बरं वाटावं की वाईट, हे अजून ठरत नाही. टाके आता लहान लावते.

दोन. 'भर मांडवात चौदा वर्षाच्या पोरीचं नाव घेतो काय मी? अन् डबा बिघडला म्हणून नाही गेलो. डबे बिघडतेच. नागोदादानं काय झालं म्हणून विचारलं नाही, म्हणून गेलो.'

तीन. 'दादाले सांगू नको. मी जाऊन राह्यलो. गोष्ट माह्यासंगं जाऊ दे.'

पहिली दोन मान्य. तिसरी मी आज सकाळी मोडली.

बाबांच्या तोंडावर सांगणं मला जमलं नसतं. ते मध्ये बोलतात. 'थांब, थांब, म्हणजे तू...' असं म्हणून ते वाक्य हातातून काढून घेतात आणि मग माणूस दुसरंच काहीतरी कबूल करतो. म्हणून मी दुकानात डब्यासमोर बसले. नऊ वाजून दहा मिनिटांनी बटन दाबलं. मी बटन दाबून आहे तोवर त्यांना फक्त ऐकता येतं. इंटरकॉम बेतताना हा दोष वाटला होता.

आई मथुराबाईंना मेथी देत होती. मी कपॅसिटरपासून सुरुवात केली.

"काय चालू हाय वं?" मथुराबाईंनी विचारलं.

"पोरगी बापाशी बोलून राह्यली."

"डब्यात तोंड घालून? घर केवढंसं हाय तुमचं!"

पुस्तक, टेबल, झाकण, स्क्रू, मंगलाष्टकं. मग तुमचं दुसऱ्या क्रमांकाचं वाक्य, जसंच्या तसं. आईचे हात थांबले होते. "बटन सोड, त्याईले बोलू दे," ती म्हणाली. मी नाही म्हणाले. अजून एक वाक्य राहिलं होतं. ते असं: "बाबा, काका संक्रांतीनंतर जाणार आहेत आणि त्यांना सगळं त्याच दिवसापासून माहीत होतं."

मग बटन सोडलं. चार मिनिटं झाली होती.

मळ्यातून पाण्याचा आवाज येत होता. पाट फुटला असावा, कारण तो आवाज वाढत गेला. मथुराबाई मेथीची जुडी हातात घेऊन तशाच उभ्या. मी घड्याळ पाहत होते. एक मिनिट दहा सेकंदांनी बाबांचा आवाज आला.

"तवाच काऊन नाई सांगितलं?"

"भीती वाटली."

"माही?"

"नाही. काकांची."

"अन् तो गप राह्यला?"

"हो."

"एवढी वर्सं?"

"हो."

"लेकाचा," बाबा म्हणाले.

आवाज स्पष्ट होता, एकही अक्षर गाळलेलं नव्हतं. तरी ही शिवी होती की दुसरं काही, ते यंत्रावरून सांगता येत नाही. आईला कळलं असावं. तिने मथुराबाईंना मेथीची आणखी एक जुडी तशीच दिली आणि म्हणाली, "जा आता. बाकीचं उद्या सांगतो."

बाबा दहा मिनिटांत घरी आले. उघडेच. बाहेर थंडी अशी की आदिलाबादला सकाळी स्कूटर सुरू होत नाही. ते माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता सुरू होईल. ते म्हणाले, "तो कपॅसिटर केवढा असते?"

मी बोटाने दाखवला.

"एवढासाच?"

"एवढाच."

"मले वाटलं होतं, मोठं काईतरी बिघडलं असंन," असं म्हणून ते आत गेले. मी त्यांना शर्ट दिला.

काका, तुम्ही नागपूरला जाऊ नका असं मी लिहीत नाही. नेहाताईकडे जा, तिथे दवाखाने बरे आहेत. मला एवढंच हवं आहे की जाण्याआधी बाबांनी विचारावं आणि तुम्ही ऐकावं. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मी यावर काही म्हणत नाही. ते खोटं होतं. नोंद पूर्ण झाली.

प्रणिता

नार्नूर, ४ जानेवारी २०२६
सकाळी सव्वासात

काका,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. म्हणून तिकीट नाही.

गेला आठवडा बाबांनी कसा काढला ते, आईने फोनवर सांगितलं तसं, थोडक्यात. सोमवारी आईला म्हणाले, उटनूरले टमाट्याचं रोप चांगलं भेटते म्हन्ते. आई म्हणाली, आपल्याकडं टमाटे लावून झाले. मंगळवारी म्हणाले, मग मिरचीचं भेटंल. बुधवारी ते मळ्यात एकटेच बोलत होते. मळा दुकानात ऐकू येतो हे त्यांच्या पुन्हा लक्षात राहिलेलं नाही, आणि या वेळी आईनेही बटन दाबलं नाही. दिवसभर ते एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारून पाहत होते. रागाने, मग सहज, मग हसत. एकदा 'यशवंतराव' अशी सुरुवात केली आणि स्वतःच 'हॅट्' म्हणाले. आई वांगी निवडता निवडता म्हणाली, "लग्नाच्या येळी मले पाहाले आले तवा तं तोंडातून अक्षर निंघालं नोतं. आता पाहा." परवा मला म्हणाली की आजचं वाक्य चांगलं बसलं आहे, आता त्यांना हात लावू नको.

मीही येणार होते. आईने विचारलं, "तू कशाले?" मी विचार केला. तिसरं माणूस असलं की तुम्ही दोघं त्याच्याशीच बोलाल. म्हणून येत नाही.

पिशवीत वांगी आहेत. ती आईची आहेत, त्यांचा याच्याशी संबंध नाही. मिरचीचं रोप खरंच मिळालं तर बाबांबरोबर पाठवून द्या, नाही तर त्यांना घरी सांगायला काही राहणार नाही.

एक विनंती आहे. ते जे विचारतील त्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. मला माहीत आहे, आणि आता त्यांनाही माहीत आहे. तरी त्यांना विचारू द्या. 'राहू दे दादा' म्हणू नका, 'मला सगळं ठाऊक आहे' म्हणू नका, चहाला माणूस पाठवू नका. प्रश्न पूर्ण होऊ द्या. मग उत्तर द्या, जेवढं लांब द्यायचं तेवढं. परतीची शेवटची बस सहाला आहे, आणि ती चुकली तरी घरी कुणी काळजी करणार नाही, असं आईने सांगितलं आहे.

बाबांना मी बजावलं आहे की आधी पत्र द्यायचं, तुमचं वाचून होईपर्यंत पायरीखालीच थांबायचं आणि तोवर एक शब्द बोलायचा नाही. त्यांना ते जड जात असणार. फार वेळ लावू नका.

आता मान वर करा.

प्रणिता